श्रीदेवीची गादी

गिरीधररावांच्या घरातली कचऱ्याची बादली कायम रिकामी असायची आणि त्याचा त्यांना भयंकर अभिमान होता. दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत पडायच्या, नारळाच्या शेंड्या बंबाखाली जायच्या, आणि त्यांचे स्वतःचे बनियन आधी पायपुसणं, मग स्कूटरचं फडकं अशा योनी फिरत फिरत शेवटी मोक्षाला जायचे. मैलापूरच्या त्या घरात वरच्या खोलीत मी भाड्याने राहायला आले, त्या दिवशी माझ्या सामानाची रिकामी खोकीसुद्धा त्यांनी मागून घेतली.

"कशाला हवीत काका?" मी विचारलं.

"असूं देत मा. त्यांचें काम अजून संपलें नाहीं," ते म्हणाले.

मी सांगलीची. कॉम्प्युटरच्या नोकरीपायी दोन हजार पाच साली चेन्नईत येऊन पडले. तमिळचं एक अक्षर कळत नव्हतं, त्यामुळे घरमालक मराठी आहेत म्हटल्यावर मी देवाला नारळ कबूल केला होता. प्रत्यक्षात त्यांचं मराठी ऐकलं आणि तो नारळ अर्धाच फोडावा असं वाटलं. गिरीधररावांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी तंजावरला येऊन राहिलेले. घरात बोलायचं मराठी, पण हिशेब आणि भांडण तमिळमध्ये. माझं मराठी ऐकून ते म्हणायचे, रेडिओवरच्या बातम्या लागल्या. मी म्हणायचे, तुमचं ऐकलं की पोथी सोडल्यासारखं वाटतं.

ते एका सरकारी खात्यात सुपरवायझर होते, कचऱ्याच्या कामावर. दोन हजार साली केंद्र सरकारने कचऱ्याचे नियम काढले. ओला वेगळा, सुका वेगळा, जे पुन्हा वापरता येईल ते पुन्हा वापरा. देशातल्या बाकीच्या सुपरवायझरांनी ते परिपत्रक कपाटात ठेवलं असेल. गिरीधररावांना मात्र आपल्या जन्माचं सार्थक झालं असं वाटलं. जन्मभर आपण घरात जे करत आलो आणि ज्यावरून बायको आपल्याला चिक्कू म्हणत आली, ते आता सरकारी धोरण झालं! मग काय, आधीच मर्कट, त्यात मद्य प्याला. ते गल्लीगल्लीतून दारं वाजवत फिरू लागले. लोक त्यांना 'कुप्पै राव' म्हणायचे. कुप्पै म्हणजे कचरा. हे नाव त्यांनीच मला हसत हसत सांगितलं होतं.

त्यांना एकच मुलगी होती, श्रीदेवी. चोवीस वर्षांची, एका ऑफिसात हिशेबनीस. लोकलगाडीने संध्याकाळी घरी यायची आणि स्वयंपाकघर आणि माजघर यांच्यामधल्या दारात, चौकटीला टेकून, उभ्याउभ्या कॉफी प्यायची. दिवसभर बसून कंबर धरते म्हणायची. त्या घरात तेवढं एकच दार मोक्याचं होतं, त्यामुळे सगळ्यांना तिला "सरक" म्हणत जावं लागायचं. ती बापाची अशी काही थट्टा करायची की मला माझ्या बापाची इतकी धास्ती का वाटते असा प्रश्न पडायचा. एकदा तिने विचारलं, "अप्पा, मी मेलें की मला कुठल्या डब्यांत टाकणार? ओल्या कीं सुक्या?" तिच्या आईने, सईबाईंनी, तिच्या पाठीत धपाटा घातला. गिरीधरराव इतके हसले की त्यांना ठसका लागला.

दोन हजार सहाच्या पावसाळ्यात तिला ताप आला. त्या वर्षी शहरात घरोघर ताप होता, म्हणून आधी कुणी घाबरलं नाही. मग घाबरले, आणि तोवर उशीर झाला होता. गिरीधररावांनी अग्नी दिला. स्मशानातून परत आल्यावर त्यांनी सवयीने पाय धुण्याचं पाणी झाडाला घातलं, ते मी वरून पाहिलं. मला त्यांचा राग आला. त्यांच्याविषयी वाटलेला माझा तो पहिला राग, आणि तो शेवटचा नव्हता.

जानेवारीत भोगी आली. आमच्याकडे भोगी म्हणजे तीळ लावलेली बाजरीची भाकरी, मिसळीची भाजी आणि 'न खाई भोगी तो सदा रोगी'. इकडे भोगी म्हणजे जाळपोळ. पहाटे दारापुढे जुन्या चटया, केरसुण्या, फाटके कपडे पेटवायचे. जुनं जाऊ दे, नवं येऊ दे. पुढे पुढे लोक टायरही जाळायला लागले, प्लास्टिकही. सकाळी शहरभर असा काळा धूर कोंदायचा की विमानांना उतरता यायचं नाही. म्हणून सरकारने मोहीम काढली, जाळू नका, आम्हाला द्या, आम्ही त्याचं पुन्हा काहीतरी करू. आठवडाभर आमच्या गल्लीत रिक्षावर भोंगा लावून कुणीतरी ओरडत होतं. त्यातले मला तीनच शब्द कळायचे, टायर, ट्यूब, प्लास्टिक.

गिरीधररावांच्या घराण्यात भोगीची एक जुनी रीत होती, आणि ती सईबाईंना जीव की प्राण. घरातलं माणूस गेलं की त्याचं अंथरूण वर्षभरात येणाऱ्या पहिल्या भोगीला जाळायचं. तोवर ते घरातच ठेवायचं, कुणी त्यावर निजायचं नाही. अंथरूण जळालं की गेलेल्याला तिकडे ते मिळतं, आणि मग ते माणूस निजतं. सईबाईंनी मला हे इतक्या साधेपणाने सांगितलं की मला शंका काढायचं धैर्य झालं नाही. श्रीदेवीची गादी त्यांनी उन्हात घातली, झटकली. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, सावरीच्या कापसाची, इकडे घरोघर असते तशीच गादी.

भोगीच्या पहाटे त्यांनी ती अंगणात आणून ठेवली, वर कापूर ठेवला आणि त्या न्हायला गेल्या. मी जिन्यात बसले होते. गल्लीच्या तोंडाशी खात्याचा ट्रक लागला होता, लोक त्यात जुने टायर टाकत होते. गिरीधरराव काड्यापेटी घेऊन अंगणात आले. कापूर त्यांनी उचलून तुळशीपाशी ठेवला. मग गादीची गुंडाळी केली, खांद्यावर घेतली आणि चालत जाऊन ट्रकमध्ये टाकली. त्यांचा हाताखालचा माणूस अरुण टाळ्या वाजवू लागला. साहेबांनी स्वतःच्या घरापासून सुरुवात केली म्हणून आणखी चारजणांनी टाळ्या वाजवल्या.

सईबाई ओल्या केसांनी बाहेर आल्या. रिकामं अंगण बघून त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"गादी कुठें हो?"

"दिली," गिरीधरराव म्हणाले. "सरकारचा नियम आहे. मीच पाळला नाहीं तर दुसऱ्याला कसा सांगणार?"

सईबाईंनी ट्रक गेला त्या दिशेला पाहिलं आणि त्या तांदूळ निवडायला बसल्या. मी मात्र ऑफिसात जाऊन दिवसभर धुमसत होते. नियमापायी पोटच्या पोरीची गादी! असला माणूस कुणाच्या वाट्याला येऊ नये.

आठ-दहा दिवसांनी सईबाई मला म्हणाल्या, "ती आली आहे."

मी विचारलं नाही, कोण.

"निजत नाहीं. निजायला गादी कुठें आहे तिला? बस म्हणून सांगटलें, बसतपण नाहीं. दारांत उभी असते." त्यांनी स्वयंपाकघराच्या चौकटीकडे हनुवटीने दाखवलं. "किती वेळ उभी राहील गं? तिची कंबर दुखते."

त्या रडत नव्हत्या. पाहुणीची गैरसोय होतेय आणि आपला नाइलाज आहे, असा त्यांचा चेहरा होता. तिथून पुढे त्या दारातून जाताना त्या अंग चोरून, आडव्या होऊन जाऊ लागल्या. हातात भांडं असलं तर ते डोक्यावर धरायच्या, कुणाला चटका बसू नये म्हणून. दुपारी स्वतः आडव्या व्हायचं त्यांनी सोडलं. मुलगी उभी असताना आईने कसं निजायचं? डोळे खोल गेले. जेवण सुटत चाललं.

मी इंजिनियर. माझा भुतांवर विश्वास नाही, आणि सांगलीच्या आमच्या आळीत वडावर हडळ आहे असं सांगणाऱ्या काकूला मी लहानपणी उलटं बोलून मार खाल्ला आहे. तरी मी त्या दारातून सरळ जाईनाशी झाले. एका संध्याकाळी घाईत होते, पाणी घ्यायला आत शिरताना माझ्या तोंडून निघून गेलं, "जरा सरक गं."

चुलीशी बसलेल्या सईबाईंनी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. "सरकली," त्या म्हणाल्या.

त्या रात्री मी वरच्या खोलीचा दिवा चालू ठेवून झोपले.

गिरीधरराव या सगळ्याबद्दल अवाक्षर काढत नसत. ते त्या दारातून सरळ जायचे, सरळ यायचे. बायको अंग चोरून जाते हे त्यांना दिसत असणारच. ते फक्त जेवायचा हात थांबवायचे, ती पलीकडे जाईपर्यंत. मला वाटायचं, दगड आहे हा माणूस.

फेब्रुवारीत एकदा अरुण साहेबांच्या किल्ल्या द्यायला घरी आला. गिरीधरराव बाहेर गेले होते. मी त्याला इंग्रजीत चांगलंच फैलावर घेतलं. म्हटलं, कसले हे तुमचे नियम, लोकांच्या गाद्याही जाळू देत नाही? मेलेल्या माणसांच्या?

अरुण गोंधळला. "गाद्यांना कुठे मनाई होती मॅडम?" तो म्हणाला. "टायर, ट्यूब, प्लास्टिक एवढंच. कापूस, चटया जाळा, असं तर आम्हीच लोकांना सांगत होतो. साहेबांनी स्वतः शंभरदा सांगितलं. त्यांनी गादी आणली तेव्हा आम्हाला वाटलं, साहेब एक पाऊल पुढे गेले."

आठवडाभर भोंग्यावरून माझ्या कानात पडलेले तेच तीन शब्द. मला तमिळ कळत नव्हतं, पण एवढं कळायला तमिळ कशाला लागतं? मी तडक आत जाऊन सईबाईंना सांगितलं. सांगायला नको होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सईबाई नऊवारी नेसून, पर्स घेऊन बाहेरच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "गादी जिथें गेली तिथें मला न्या," नवऱ्याला एवढंच म्हणाल्या. आणि मला म्हणाल्या, "तूंपण ये." माझं ऑफिस बुडालं.

रिक्षा जॉर्ज टाउनात शिरली. गिरीधरराव वाटेत पहिल्यांदाच बोलले. टायर कारखान्यात गेले, प्लास्टिक तुकडे करून डांबरात मिसळायला गेलं, कापूस पद्मनाभ चेट्टियारांनी घेतला. ते पुढच्या काचेकडे बघत हे सांगत होते, कुणी विचारलं नसताना.

चेट्टियारांचं गोदाम गाड्यांच्या गर्दीत एका बोळाच्या शेवटी होतं. आत जुन्या गाद्या उसवून कापूस काढायचा, यंत्रात घालून पिंजायचा आणि नव्या खोळीत भरायचा, असं काम. हवेत कापूस तरंगत होता. चेट्टियार भला माणूस, त्यांनी यंत्र बंद करायला लावलं, खुर्च्या मागवल्या. एका कोपऱ्यात निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या रिकाम्या खोळींचा ढीग होता. सगळ्या एकसारख्या. दुसऱ्या बाजूला छताला लागेल एवढा पिंजलेला कापूस.

"भोगीचा माल हाच," चेट्टियार तमिळमध्ये म्हणाले, आणि गिरीधररावांनी ते मराठीत सांगितलं. "अर्धा विकला गेला. उरला तो हा. सगळा एकांत एक मिसळला आहे."

सईबाई ढिगापाशी गेल्या. त्यांनी कोपरापर्यंत हात आत घातला आणि तसाच ठेवला. त्यांच्या केसांवर, भुवयांवर कापूस बसत होता. मला वाटलं आता या कोसळतील. पण त्या वळल्या आणि नवऱ्याला विचारलं, शांतपणे, चेट्टियारांच्या समोर.

"मनाई नव्हती. मग कां दिली?"

गिरीधररावांनी चष्मा काढला. फडक्याने पुसला. परत घातला नाही.

"पेटवायला मलाच पाहिजे होतें ना," ते म्हणाले. "रीत तशी आहे, बापानें पेटवायचें. एकदां पेटवली गं मीं तिला. त्या दिवशीं हात कसा उचलला, माझें मला ठाऊक. पुन्हा माझ्याच्यानें होईना. तूं न्हायला गेलीस, मीं काडी हातांत घेतली, आणि होईना. समोर ट्रक होता." ते थांबले. "आणि वाटलें, जाळलें तर संपलें. दिलें तर कुठेंतरी राहील. कुणाच्या तरी पाठीखालीं. कापूस कुठें मरतो?"

चेट्टियारांना मराठी कळत नव्हतं, तरी ते उठून उभे राहिले.

मी त्या माणसाला दगड म्हटलं होतं. मला लाज वाटली, आणि रडू आलं, आणि कापूस नाकात जाऊन शिंकाही येऊ लागल्या. शिंकता शिंकता रडणं फार विचित्र दिसतं, पण माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

सईबाईंनी नवऱ्याच्या सदऱ्यावरचा कापूस झटकला. "तुम्हांला होईना तर मला सांगायचें," त्या म्हणाल्या. "नऊ महिने मीं बाळगली. मीं पेटवली असती."

"बाईमाणसानें पेटवायची रीत नाहीं."

"न्हाणीघराबाहेर बायकोला रिकामें अंगण दाखवायची तरी कुठें रीत आहे?"

गिरीधरराव चेट्टियारांकडे वळले. चेट्टियारांना त्यांनी काय झालं ते दोन वाक्यांत सांगितलं असावं, कारण चेट्टियार म्हणाले, हवा तेवढा कापूस घेऊन जा, पैशाचं नाव काढू नका. त्यांनी स्वतः एक पोतं पसरलं. सईबाईंनी ढिगाकडे पाहिलं आणि मान हलवली.

"नोको. ह्यांत दुसऱ्यांचीं माणसें आहेत. त्यांना मीं कसें जाळूं?"

आम्ही परत आलो. घरी आल्यावर सईबाई त्या दारातून पुन्हा अंग चोरून आत गेल्या. म्हणजे ती अजून उभीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघाले होते. पाहते तर सईबाई स्वतःची गादी ओढत अंगणात आणत होत्या. जड होती, एकट्याने ओढवत नव्हती. मी पिशवी टाकली आणि दुसरं टोक धरलं.

"ह्याच गादीवर जन्मली ती," त्या धापा टाकत म्हणाल्या. "दहा वर्षांची होईपर्यंत माझ्या कुशींत हिच्यावरच निजली. ही तिचीच म्हणायला काय हरकत आहे?"

हरकत कुणाची असणार? भोगी केव्हाच उलटून गेली होती. गिरीधरराव व्हरांड्यात येऊन उभे राहिले. सईबाईंनी त्यांच्याकडे काड्यापेटी धरली. त्यांनी हात पुढे केला, आणि मागे घेतला. मग सईबाईंनी स्वतःच काडी ओढली.

सावरीचा कापूस पटकन पेटतो. ज्वाळा आधी पिवळी, मग नुसता पांढरा धूर. समोरच्या घरातून कुणीतरी ओरडलं, "काय हो कुप्पै राव, आम्हाला जाळू देत नाही आणि स्वतः?" गिरीधरराव धुरातून म्हणाले, "कापूस आहे. कापसाला मनाई नाहीं." आणि ते तिथेच थांबले, शेवटचा कापूस काळा पडेपर्यंत. सईबाई आत गेल्या. दारातून जाताना त्या थबकल्या. चौकटीत हात फिरवून पाहिलं, इकडून तिकडे, आणि मग सरळ, खांदे न वळवता आत गेल्या.

त्या दिवशी संध्याकाळी मी परत आले तेव्हा सईबाई माजघरात नुसत्या चटईवर झोपल्या होत्या. तोंड किंचित उघडं, घोरत होत्या. कित्येक आठवड्यांनी त्यांना असं झोपलेलं पाहून मी पाय न वाजवता जिन्याकडे वळले. दिवेलागणीची वेळ होती, पण दिवा कुणी लावला नव्हता.

स्वयंपाकघराच्या चौकटीपाशी गिरीधरराव उभे होते. दारात नाही, बाजूला, कुणाला तरी जागा सोडून उभं राहावं तसे.

"रुचिरा मा," त्यांनी हळू आवाजात हाक मारली. "खरें सांग. तुला दिसली होती?"

मी म्हटलं, माहीत नाही काका. दिसली असं नाही म्हणता येणार. पण मी एकदा तिला सरक म्हणाले होते.

त्यांनी मान डोलवली. 

"तिला राहूं द्यावें म्हणून मींच गादी जाळली नाहीं," ते म्हणाले. "आणि ती राहिलीपण. तिच्या आईला दिसली, तुला कळली. मीं दिवसांतून वीसदां ह्या दारांतून गेलों मा, मुद्दाम गेलों. मला एकदांपण दिसली नाहीं."